खडे माझ्या पोटातले, बोल तिच्या माथ्यावर

ज्याला उजव्या बरगडीखाली दुखतं, जेवल्यावर तासा-दोन तासांनी दुखतं, आणि ते दुखणं पाठीतून खांद्यापर्यंत चढतं, त्याने हे वाचावं. त्याच्या घरातल्या माणसांनीही वाचावं. बाकीच्यांनी नाही वाचलं तरी चालेल.

मी शिकलेला नाही. मराठी चौथीपर्यंत गेलो आणि तिथून चिरेखाणीवर. मालवणच्या आतल्या अंगाला आमचं गाव, तिथे जांभ्या दगडाच्या खाणी आहेत. चाळीस वर्षं मी चिरे काढले. गावच्या मास्तरांनी माझं शुद्धलेखन तपासून दिलं, पण वाक्यं बदलायची नाहीत असं मी त्यांना बजावलं होतं. एका ठिकाणी थांबून त्यांनी विचारलं, "भिवा, हे खरंच ठेवायचं?" मी म्हटलं, "तेवढ्यासाठीच लिहितोय."

कळ

पहिल्यांदा दुखलं ते शिमग्यात. कोंबडी-वडे झाले होते, मी आठ-नऊ वडे खाल्ले. दुपार कलली तशी पोटात अशी कळ उठली की अंगणात चार पायांवर आलो. कुणीतरी आत हात घालून पिळतंय असं वाटलं. तासाभराने आपोआप गेली.

माझी बायको आनंदी म्हणाली, "पित्त झाला तुमका. वडे खाताना हात आवरूक नाय, आता भोगा."

आमच्याकडे पित्तावर एकच औषध. सोलांची कढी. कोकमाची सोलं भिजत घालायची, नारळ खवून, वाटून त्याचा रस पिळायचा, दोन्ही एकत्र करायचं, वर मीठ, लसूण, मिरची. नेहमीच्या जेवणात बायका दुसऱ्या-तिसऱ्या पिळणीचा पातळ रस घालतात. पण आजारी माणसाला पाणचट कशी द्यायची? म्हणून आनंदी माझ्यासाठी फक्त पहिल्या पिळणीचा जाड रस घेई. वाडगा हातात देताना म्हणायची, "पिया. पोटात थंडाई पडतली."

थंडाई पडायचीही. पाव तास बरं वाटायचं, मग पुन्हा कळ. आम्हाला वाटायचं, पित्त हट्टी आहे, आणखी कढी पाहिजे. असं दोन वर्षं चाललं. आता हसू येतं. तेव्हा रडू यायचं.

मी वाळत चाललो. शर्ट गळ्यात फिरायला लागला. मालवणात एका खोबऱ्याच्या व्यापाऱ्याकडे मोठा काटा होता, त्यावर एकदा गंमत म्हणून उभा राहिलो. धडधाकट होतो तेव्हा एकशे अठ्ठेचाळीस रत्तल भरायचो, त्या दिवशी एकशे बारा भरलो. व्यापारी म्हणाला, "भिवा, तुझ्यापरास माझो खोबऱ्याचो गोणो बरो."

घरी येऊन ते आनंदीला सांगितलं ती माझी चूक. बारीक झालो म्हणून तिने प्रत्येक कालवणात नारळ वाढवला. नारळ वाढला म्हणून दुखणं वाढलं. दुखण्याला भिऊन मी जेवण टाकलं, जेवण टाकलं म्हणून आणखी बारीक. ती ताट घेऊन माझ्या मागे, मी शिव्या देत पुढे.

डॉक्टरांनी दाबलं तो दिवस

खाणीवर माझ्याबरोबर धोंडी म्हणून होता. एका सकाळी माझ्याकडे बघून म्हणाला, "भिवा, डोळे हळदीत बुडवन इलंस काय रे?" लघवी तर आठ दिवस चहासारखी होत होती, पण ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. पुरुष माणूस असलं सांगत नाही आणि म्हणून मरतो.

मालवणच्या डॉक्टरांनी टेबलावर निजवलं. "श्वास आत घ्या," म्हणाले आणि बरगडीखाली बोटं रुतवली. माझ्या तोंडून जे निघालं ते इथे लिहिता येत नाही. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "माझ्या आईला कशाला मध्ये आणता? तुमच्या पित्ताशयात खडे आहेत. कोल्हापूरला जाऊन पोट उघडावं लागेल."

आनंदी दाराशी उभी होती. तिने विचारलं, "खडे? तांदळातले?"

"नाही हो बाई. आतल्या आत होतात."

तिला ते पटलं नाही. जायच्या दिवसापर्यंत ती सूप घेऊन बसली की एकच तांदूळ तीनतीनदा निवडायची. मी म्हटलं, "आता निवडून काय व्हतला?" ती म्हणाली, "मी नीट निवडीत असतंय तर?" घरात कुणाला काही झालं की दोष आधी आपल्यात शोधायचा, ही तिची जात. आणि दोष आधी दुसऱ्यात शोधायचा, ही माझी.

वॉर्ड

घर लेकीवर सोडलं. शेवंती आमची एकुलती, बांद्याला दिलेली. गोवा तेव्हा फिरंग्याकडेच होता, बांद्याच्या पलीकडे जायला परवाना लागायचा. ती पोर कडेवर घेऊन आली. एस.टी.ने आम्ही घाट चढलो, मी, आनंदी आणि माझा चुलत भाऊ दाजी. दाजी मनाने वाईट नाही, पण त्याच्या पोटात गोष्ट राहत नाही.

वॉर्ड लांबच्या लांब, दोन्हीकडे लोखंडी खाटा. नातेवाइकांना मागे पत्र्याची शेड होती. तिथे बायका तीन दगड मांडून भात शिजवायच्या. आनंदीने आयुष्यात घाट बघितला नव्हता. दुसऱ्या दिवशी ती घाटावरच्या बायकांकडून भाकरी थापायला शिकली आणि त्यांना उकड्या तांदळाची पेज कशी करतात ते दाखवलं.

शेजारच्या खाटेवर कागलकडचे एक पाटील होते, अंतर्गळाचं ऑपरेशन झालेले.

"काय पाव्हणं, कुठलं?"

"मालवणकडचा."

"मासं खाऊन खडं झालं व्हय?"

"माशात खडे नसतात. काटे असतात."

"मग दगडं फोडून झालं असतील. धंदा कंचा?"

"चिरेखाणीवर."

"बघा! म्यां म्हटलंच!" सगळा वॉर्ड हसला. हसलं की पाटलांचे टाके दुखायचे, तरी ते हसायचेच. असा माणूस शेजारच्या खाटेवर मिळणं हे अर्धं औषध.

संध्याकाळी गोळ्या दिल्या, सकाळी पोटाचा फोटो काढला, त्यानंतर मोठे डॉक्टर फेरीला आले.

मी जे बोललो

मास्तर थांबले ते इथे.

डॉक्टर म्हणाले, "पिशवी खड्यांनी भरली आहे. पोटात तूप, तेल, नारळ गेलं की ती आवळते, खडा तोंडाशी अडकतो आणि कळ येते. नारळ किती खाता?"

मी कढीचं सांगितलं. पहिल्या पिळणीची, दुखलं की वाडगा, दोन वर्षं.

डॉक्टर हसले. "म्हणजे दुखण्यावर तुम्ही दुखणंच पीत होता." आणि पुढच्या खाटेकडे गेले.

मला भीती होती. उद्या माझं पोट उघडणार होते. तीस वर्षं दगडावर हत्यार चालवलेल्या माणसाला माहीत असतं, हात कितीही बसलेला असो, एखादा चिरा मधूनच फुटतो. ती भीती कुणावर तरी काढायची होती. आनंदी उशाशी उभी होती, तांब्या हातात.

"आयकलंस मगे?" मी ओरडलो. "दोन वर्सां कढी म्हणान काय पाजीत होतंस ता? तुझ्या हातान मरतलंय होतंय मी!"

सगळ्या वॉर्डाने ऐकलं. दाजीने ऐकलं. पाटलांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. आनंदीने पदर डोक्यावर ओढला आणि म्हणाली, "पाणी हाडतंय." तांब्या भरलेला होता. तो घेऊन ती बाहेर गेली आणि तास झाला तरी आली नाही.

संध्याकाळी सिस्टर कागद घेऊन आली. ऑपरेशनला घरच्या माणसाची संमती लागते.

आनंदीने विचारलं, "ह्यांका काय झाला तर आंगठो माझो आसतलो ना?"

"बाई, नुसता नियम आहे. सगळ्यांचाच घेतो."

ती माझ्याकडे बघत राहिली. "सांगा. लावू?"

एक शब्द बरा बोलता आला असता. मी म्हणालो, "लाव. कढी दिताना इचारलंलंस काय?"

तिने अंगठा शाईवर दाबला आणि कागदावर टेकला. पहिला ठसा फरफटला. सिस्टरने तिचं मनगट धरून दुसरा घेतला.

उघडलेलं पोट

ऑपरेशनचं सांगण्यासारखं काही नाही. नाकावर जाळी ठेवली, गोडसर घाण वास आला, "आकडे मोजा" म्हणाले. मी चौदापर्यंत गेलो.

जाग आली तेव्हा घसा जळत होता. नाकातून नळी, हातात सुई, कुशीतून एक रबरी नळी निघून खाटेखालच्या बाटलीत गेलेली. तिच्यात हिरवंकाळं पाणी ठिबकत होतं. मान वळत नव्हती. डोळ्यांसमोर फक्त खाटेची पट्टी होती आणि त्या पट्टीवर एक हात. अंगठा निळा. शाई धुवायला ती गेलीच नव्हती.

पाणी द्यायला मनाई होती. कापसाचा बोळा बुडवून ती ओठांवर फिरवायची, दर थोड्या वेळाने, न सांगता. खोकला आला की टाके उसवतात असं वाटतं. ज्यांचं ऑपरेशन व्हायचं आहे त्यांना सांगतो: पोटाशी काहीतरी घट्ट धरून खोका. आनंदीने आपल्या दुसऱ्या लुगड्याची घडी करून बोचकं बांधलं आणि माझ्या हातात दिलं. ते लुगडं धरून मी दहा दिवस खोकलो. बारीकसारीक गोष्टी आहेत, पण माणूस त्यांच्यावरच तगतो.

डॉक्टर रोज एकच विचारायचे, "वारा सरला का?" तो सरल्याशिवाय पोटाला अन्न नाही. पहिला दिवस नाही, दुसरा नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी सरला. पाटील खाटेवर उठून बसले, "सिस्टर! पाव्हण्याचा भोंगा वाजला! गिरणी चालू झाली!" शेडमधून बायका धावत आल्या, काय झालं म्हणून. आनंदी तोंडाला पदर लावून हसली. तो दिवस सोडला तर तिथल्या मुक्कामात ती हसलेली मला आठवत नाही.

दहाव्या दिवशी टाके काढले. खडे बाटलीत घालून दिले, काळे, मिऱ्यांएवढे. दाजीने बाटली सगळ्या वॉर्डात फिरवली. आनंदीने हात लावला नाही.

डॉक्टर जे बोलले

निघायच्या सकाळी आनंदी मागे नळावर भांडी घासत होती. मोठे डॉक्टर एकटेच आले आणि खाटेवर टेकले. मोठा डॉक्टर खाटेवर बसत नाही, म्हणून मी घाबरलो.

"एक सांगायचं राहिलं," ते म्हणाले. "त्या दिवशी तुम्ही बाईंवर ओरडलात. मी हसलो होतो, माझंही चुकलं. कढीने खडे होत नाहीत. ते ज्याचे त्याच्यात होतात. नारळाने फक्त कळ उठली. आणि कळ उठली म्हणून तुम्ही इथपर्यंत आलात. गप्प राहिलेला खडा जास्त वाईट. बाईंना हे सांगा."

"सांगतो," मी म्हटलं.

आनंदी भांडी घेऊन आली. "काय म्हणी होते डॉक्टर?"

"काय नाय. नारळ बंद."

माझ्या आजारपणातलं सगळ्यात मोठं दुखणं हे आहे. पोट उघडलं ते नव्हे.

घरी

बरं व्हायला सहा महिने लागले. आलो तेव्हा नव्व्याण्णव रत्तल होतो. दाजी म्हणायचा, "शर्ट खुंटयेर लावल्यासारखो दिसतंस." पहिला महिना पेज आणि भाजलेला सुका बांगडा, तोही चिमटीएवढा. मग मऊ भात. तिने नारळाशिवाय रांधायला सुरुवात केली. आमच्या मुलखात नारळाशिवाय रांधणं म्हणजे मिठाशिवाय समुद्र. पण तिने माशाचं तिखलं केलं, नुसती मिरची, तिरफळं आणि सोलं. कुळथाची पिठी केली. ती स्वतःही तेच जेवायची. घरात दोन चुली कशाला, म्हणायची.

ताट पुढे ठेवताना म्हणायची, "खावा. वीख नाय घातलंय." मी हसायचो. मला वाटायचं, ती चेष्टा करते.

ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांना सांगतो: धीर सोडू नका. पहिले दोन महिने पायऱ्या चढताना शिवण ओढली जाते, जेवल्यावर परसाकडे धावावं लागतं, आणि आपण आता माणसांतून उठलो असं वाटतं. ते जातं. मी खाणीवर परत गेलो. चिरा उचलायला मला धोंडी देत नसे. "तू सूत धर," म्हणायचा, "तुझ्या पोटाक बारीक शिवण मारलेली आसा, ती उसवली तर माझ्या रांगड्या हाताक शिवूक येवची नाय." सूत धरून ओळ मारायचं काम मी केलं. वर्षाने पहिला चिरा पुन्हा उचलला तेव्हा खाणीवरच्या सगळ्यांनी हातातलं काम थांबवलं होतं.

पण दाजीने गावात गोष्ट केली होती. विहिरीवर एक बाई आनंदीला म्हणाली, "काय गो, भिवाक आता काय पाजतंस?" आनंदीने घरी येऊन मला हसत सांगितलं. मीही हसलो. तेव्हा बोलायला काय हरकत होती? एवढंच बोलायचं होतं, की डॉक्टरांनी असं असं सांगितलंय.

का बोललो नाही? मास्तरांनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, राहून गेलं. ते खरं नाही. खरं असं की मला ते सोयीचं होतं. तिला दोष वाटत होता म्हणून ती माझं निमूट करत होती. मी ओरडलो तरी उलट बोलत नव्हती. लग्नापासून टोला दिल्याशिवाय न राहणारी बाई, पण आता टोल्यातसुद्धा स्वतःलाच मारत होती. आणि मी कमावता गडी, सूत धरून बसलेला. कुणीतरी माझ्यापेक्षा खाली असावं असं मला वाटत होतं.

गाऱ्हाणं

माझ्यासाठी तिने ग्रामदेवाला नवस बोलला होता. तो फेडायला देवळात गेलो. आमच्याकडे देवाशी एकट्याने बोलत नाहीत. गावकर, म्हणजे गावचा मानकरी, उभा राहून तुमच्या वतीने गाऱ्हाणं घालतो, मोठ्याने, सगळ्यांसमोर, आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला "होय म्हाराजा" म्हणतात. तेवढ्याने ते गाऱ्हाणं गावाचं होतं.

पुरुष पुढे, बायका मागे. आनंदी सगळ्यात मागे, खांबाला टेकून उभी होती.

"बा देवा म्हाराजा," गावकराने सुरुवात केली, "ह्या तुझ्या लेकराच्या पोटात खडे झालले."

"होय म्हाराजा!"

"त्येका तुया सांभाळलंस. आज तो नवस फेडता हा."

"होय म्हाराजा!"

मग गावकर माझ्याकडे वळला आणि हळू आवाजात विचारलं, "भिवा, आणि काय घालूचा आसा?"

तो असं नेहमी विचारतो. कुणाचं भांडण असतं, कुणाचा बोल असतो, ते तिथे मिटतं. मी मागे बघितलं. खांबाला टेकलेली आनंदी माझ्याकडेच बघत होती. तिला डॉक्टरांचं काही माहीत नव्हतं. तरी बघत होती.

मी म्हटलं, "नाय. झाला."

नऊ वर्षं

वर्षभराने मालवणचे डॉक्टर म्हणाले, आता थोडा नारळ चालेल. मी घरी येऊन सांगितलं, "कर गो आज कढी."

"माझ्या हातची नको," ती म्हणाली.

"डॉक्टरान सांगितल्यान."

"सांगितल्यान असतला. माझ्या हातची नको."

नऊ वर्षं आमच्या घरात कढी झाली नाही. लग्नाघरी जेवायला गेलो तर तिच्या पानाशेजारची वाटी तशीच राहायची. मी म्हणायचो, "पी गो, तुका काय धाड भरली?" ती म्हणायची, "आवडना नाय आता."

गेल्या भाद्रपदात तिला ताप आला. चार दिवस. दुसऱ्या दिवशी माझ्या मनात आलं, ताप उतरला की सांगू. तो उतरला नाही.

बाराव्याला तिच्या आवडीचं काय करायचं म्हणून शेवंतीला विचारलं. ती म्हणाली, "सोलांची कढी."

"ता ती खंय पियत होती? सोडल्यान होता नऊ वर्सां."

शेवंतीने आधी दार लोटलं. मग म्हणाली, "बाबा, ती बांद्याक माझ्याकडे येय तेवा पहिली कढीच करूक सांगी. जाड. चुलीकडे बसान, दाराक पाठ करून पियत असे. दोन-दोन वाडगे. बाहेर पावलां वाजली की वाडगो पदराखाली. म्हणी, तुझ्या बाबांका सांगू नको हां."

स्वतःच्या लेकीच्या घरी, चोरासारखी, पाठ करून.

आज मला काही दुखत नाही. जेवतो, चालतो, एकशे तीस रत्तल आहे. वाचणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: पोटात दुखलं तर घरगुती उपाय थांबवा आणि डॉक्टर गाठा. ऑपरेशनला भिऊ नका. भ्यालात तर "भितो" म्हणून सांगा, ती भीती उशाशी उभ्या असलेल्या माणसावर काढू नका. काढलीच, तर खाटेवरून उतरायच्या आधी परत घ्या.

मी गावकराकडे गेलो होतो. म्हटलं, एक गाऱ्हाणं राहिलंय. तो म्हणाला, "भिवा, गेलेल्या माणसाचा गाऱ्हाणा कसा घालू? थंय उभ्या रवलेल्या माणसाचा घालतत." तो त्याच्या जागी बरोबर आहे. म्हणून इथे घालतो, मला येतं तसं.

बा देवा म्हाराजा, ह्या भिवाच्या पोटात खडे झाले ते त्याचे त्येकाच झाले. त्यात आनंदीचो काडीचो दोष नव्हतो. तसा डॉक्टरान सांगितल्यान होता, आणि ह्या भिवान ता लपवल्यान. चार माणसांत तिच्यार जो बोल ठेवल्यान, तो आज चार माणसांत परत घेता हा.

आमच्याकडे गाऱ्हाणं एकट्याने पुरं होत नाही. तुम्ही इथवर वाचलंत, तेव्हा तुम्हीही देवळात उभे आहात. "होय म्हाराजा" म्हणा. आणि जरा मोठ्याने म्हणा. ती मागे खांबाशी उभी असते.